आठ टक्के दिले, तरी नाराजी का? पगारवाढ लहान की मोठी हे माणूस कसं ठरवतो

प्रश्न असा आहे: भोसरीत साठेक माणसांचा मशिनिंगचा कारखाना आहे. एप्रिलमध्ये मालकांनी सगळ्यांना सरसकट आठ टक्के वाढ दिली. त्यांच्या माहितीप्रमाणे आजूबाजूच्या शेड्सपेक्षा ही वाढ जास्तच होती. तरी पत्रं वाटल्यावर चार दिवस कारखान्यात कुणी धड बोललं नाही आणि दोन चांगले सेटर (मशीनला टूल आणि मापं लावून देणारे कुशल कामगार) आता दुसरीकडे नोकरी बघतायत. माणसं वाढ मोठी की लहान हे ठरवतात तरी कसं, आणि किती दिलं म्हणजे पुरेसं, असं त्यांनी विचारलं आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात पगार, अप्रेझल आणि युनियनचे करार हेच माझं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आठ टक्के हा आकडा तुमच्या एक्सेल शीटमधला आहे. तुमच्या सेटरने टक्के मोजलेच नाहीत. त्याने मेच्या सुरुवातीला बँकेचा मेसेज बघितला, मागच्या महिन्याचा मेसेज वर सरकवून काढला आणि वजाबाकी केली. जी रक्कम आली ती त्याच्या मनात आधीपासून असलेल्या एका आकड्याला लावून बघितली. मग शेजारच्या मशीनवरच्या माणसाला विचारलं, ‘तुला किती?’ त्याच्या लेखी वाढीचा आकार या तीन गोष्टींतून ठरला.

आधी बँकेच्या मेसेजचं बघू, कारण मालकांना सगळ्यात कमी दिसतं ते हेच. समजा, एका सेटरचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावर होणारा एकूण खर्च, वर्षाला ३,२५,००० आहे आणि हातात महिन्याला साधारण २१,००० येतात. आठ टक्के म्हणजे वर्षाला २६,००० वाढ. पत्रावर नवा सीटीसी ३,५१,००० असा ठळक छापलेला. माणूस मनात बारानं भाग देतो आणि ठरवतो की महिन्याला २,१६७ वाढले. आता या २६,००० मधलं काय कुठे जातं ते बघा. ६,००० दिवाळीला मिळणाऱ्या उत्पादन प्रोत्साहनात. साधारण ३,२०० मेडिक्लेमच्या वाढलेल्या हप्त्यात. उरलेल्यातून बेसिकमध्ये महिन्याला १,२०० टाकले तर वर्षाचे १४,४०० होतात. त्यावर कंपनीचा बारा टक्के पीएफ १,७२८ आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६९०. झाले २६,०००. हिशोबात एका पैशाची लबाडी नाही. पण सेटरच्या हातात येतात १,२००, त्यातून त्याचा स्वतःचा फंड कापला जातो १४४ रुपये, आणि खात्यावर वाढतात १,०५६. त्याला वाटले होते २,१६७. म्हणजे तुम्ही आठ दिले, त्याला पाच मिळाले, आणि निम्मी वाढ कुठेतरी गेली अशी त्याची खात्री झाली. ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सहसा मिळत नाही हे त्याला माहीत असतं. त्यामुळे ती रक्कम त्याच्या वाढीत धरलेली बघून तो आणखी चिडतो. त्याचं चिडणं मला रास्त वाटतं.

मेडिक्लेमच्या हप्त्याला वाढ म्हणू नये, हे माझं ठाम मत आहे. तो खर्च कंपनीचा आहे, तो दाखवा, पण वेगळा दाखवा. गेल्या वर्षी जेवढं विमा संरक्षण होतं तेवढंच या वर्षी महाग झालं, तर माणसाला नवीन काहीच मिळालेलं नसतं.

आता मनातला आकडा. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण सरकारी नोकरीत बघायला मिळालं. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्रातलं किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० केलं. जुन्या मूळ वेतनाला ज्याने गुणायचं तो गुणक, म्हणजे फिटमेंट, २.५७. बाहेरच्या माणसाला वाटलं पगार अडीचपट झाले. आतल्या माणसाचा हिशोब वेगळा होता. त्या दिवशी महागाई भत्ता १२५ टक्के होता, म्हणजे ७,००० वाल्याला आधीच १५,७५० मिळत होते. १५,७५० चे १८,००० झाले, म्हणजे खरी वाढ १४.३ टक्के. सहाव्या आयोगाच्या वेळी किमान वेतनातली अशीच खरी वाढ ५४ टक्के धरली जाते आणि ती आठवण सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. शिवाय संघटनांनी मागणी केली होती २६,००० ची. म्हणून अडीचपट दिसणाऱ्या वाढीवर ११ जुलै २०१६ पासून बेमुदत संप करण्याची नोटीस आली आणि मंत्र्यांनी आश्वासन दिल्यावर तो संप पुढे ढकलला गेला. आज आठव्या आयोगाची चर्चा चालू आहे तर प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न ‘फिटमेंट किती?’ हाच असतो. मागच्या वेळचा गुणक हीच आता नवी मोजपट्टी झाली आहे.

तुमच्या साठ माणसांच्या कारखान्यातही असाच आकडा तयार होत असतो, फक्त तो कुठल्या अहवालात छापला जात नाही. गेल्या वर्षी दहा टक्के दिले असतील तर यंदाचे आठ हे दोन टक्क्यांची कपात म्हणून वाचले जातात. जानेवारीत नव्या व्हीएमसीची (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, संगणकावर चालणारं मशीन) पूजा झाली, पेढे वाटले, तुम्ही म्हणालात की ऑर्डर फुल आहेत. त्या दिवशी आकडा वर गेला. सुपरवायझर चहाच्या वेळी बोलून गेला की ‘या वर्षी तुझं चांगलं होणार’. आकडा आणखी वर गेला. त्याने ते मनापासून, पोराला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असतं. पण ‘चांगलं’ म्हणजे किती, हे प्रत्येकाने आपापलं ठरवून टाकलेलं असतं. एप्रिलमध्ये पत्र हातात पडतं तेव्हा तुम्ही शून्यापासून वर मोजता, तो त्या आकड्यापासून खाली मोजतो. कानमन आणि ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो: माणूस एकूण किती आहे हे बघत नाही, आपल्या मनातल्या एका खुणेपासून किती वर आणि किती खाली, हे बघतो, आणि खाली गेल्याचं दुःख तेवढंच वर गेल्याच्या सुखापेक्षा बरंच जास्त असतं.

महागाईची खूणही अशीच घरगुती असते. २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा सरकारी दर काही महिने दोन टक्क्यांच्याही खाली होता. त्यावरून एखाद्या मालकाला वाटेल की आठ टक्के म्हणजे भरघोस. पण कामगाराचा निर्देशांक म्हणजे मोशीतल्या खोलीचं भाडं, पोरांच्या शाळेची फी आणि बाइकचा हप्ता. घरमालकाने जूनमध्ये भाडं पाचशेनं वाढवलं की १,०५६ मधले पाचशे गेले, आणि शाळेची फी तर अजून भरायचीच असते.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. माझ्या अनुभवात माणसं नोकरी सोडतात ती बहुतेक वेळा याच कारणाने.

कॅलिफोर्निया विद्यापीठात यावर एक चांगला अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या सरकारी नोकरांचे पगार एका वृत्तपत्राने संकेतस्थळावर टाकले होते. संशोधकांनी काही कर्मचाऱ्यांना मुद्दाम त्या संकेतस्थळाची माहिती दिली. आपल्या विभागात, आपल्यासारख्याच कामात आपला पगार मधल्या पातळीपेक्षा कमी आहे असं ज्यांना कळलं, ते असमाधानी झाले आणि दुसरी नोकरी शोधण्याचा विचार करू लागले. ज्यांचा पगार जास्त निघाला, ते मात्र काही जास्त खूश झाले नाहीत. हे नीट लक्षात घ्या. तुलनेत खाली असलेला दुखावतो, वर असलेला तेवढा सुखावत नाही. त्यामुळे गुपचूप एखाद्याला जास्त देऊन ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणण्यात तोटाच जास्त. तो सांगतोच. आणि न सांगितलं तरी ‘कुणाला सांगू नकोस’ हे वाक्य तुम्ही बाकीच्यांनाही म्हणाला असाल, असा संशय त्याला येतो.

तुमच्या दोन सेटरबद्दल मला एक गोष्ट लगेच तपासावीशी वाटते: गेल्या वर्षभरात तुम्ही बाहेरून कुणाला घेतलंत आणि किती पगारावर? बाजारात चांगला सेटर मिळत नाही म्हणून नव्याला वाढवून द्यावं लागतं. मग आठ-नऊ वर्षं काढलेल्या जुन्या माणसात आणि सहा महिन्यांपूर्वी आलेल्यात फक्त पाच-सातशेचाच फरक उरतो. सरसकट आठ टक्क्यांनी हा फरक वाढत नाही. तो जवळपास तसाच राहतो आणि जुन्याला दर महिन्याला दिसत राहतो. खालूनही दाब येतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. हेल्परचा पगार त्या हिशोबाने सरकत जातो आणि कुशल माणसाचा वर्षातून एकदाच. सेटरच्या मनात हेल्परविषयी राग नसतो. पण आपण शिकलो, टूल ऑफसेट रात्री दोनला उठून लावले, रिजेक्शन खाली आणलं, त्याची किंमत किती, याचं उत्तर त्याला त्या दोघांच्या पगारातल्या अंतरात दिसतं. अंतर आटलं की त्याच्या दृष्टीने त्याचा पगार कमी झाला, स्लिपवर काहीही लिहिलेलं असो.

टक्के आणि रुपये यांचाही इथे घोळ होतो. १८,००० वाल्याला आठ टक्क्यांचे १,४४० मिळतात, ६०,००० वाल्या मॅनेजरला ४,८००. तुमच्या मते दोघांना समान वाढ. हेल्परच्या मते साहेबाला तिप्पट. दोघांमधलं अंतर ४२,००० होतं ते ४५,३६० झालं. म्हणूनच आपल्या पट्ट्यातल्या युनियन टक्क्यांत बोलतच नाहीत, रुपयांत बोलतात. ‘करार बारा हजारांचा झाला’ असं ऐकू येतं, म्हणजे कराराच्या मुदतीत महिन्याचा पगार एकूण तेवढा वाढणार. त्यातही मेख असते. बारा हजार ग्रॉसमध्ये (कपातीआधीच्या पगारात) की सीटीसीमध्ये? तीन वर्षांचे की चार? पहिल्या वर्षी किती आणि नंतर किती? पंधरा हजारांचा करार चार वर्षांसाठी असेल तर वर्षाला सरासरी ३,७५० पडतात. बारा हजारांचा तीन वर्षांसाठी असेल तर ४,०००. पण गेटवर पोचतो तो फक्त ‘पंधरा’. तुमच्या माणसांनी शेजारच्या कंपनीचा ऐकलेला आकडा याच जातीचा असण्याची शक्यता मोठी. आणि ते बरोबरी करतात ती आपल्या हातात आलेल्या १,०५६ शी.

‘किती दिलं म्हणजे पुरेसं’ याला शास्त्रीय उत्तर काही प्रमाणात आहे. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात हातात वजनं देऊन दाखवलं की फरक जाणवायला किती वजन वाढवावं लागेल हे मूळ वजनावर अवलंबून असतं. पगाराचं तसंच आहे: पंधरा हजारांवर हजार जाणवतात, लाखावर हजार कळतही नाहीत. ही वाढ जाणवण्याची पातळी शोधायचा प्रयोग अतुल मित्रा, नीना गुप्ता आणि डग्लस जेंकिन्स यांनी अमेरिकेत केला, १९९७ मध्ये तो छापून आला. साधारण सात टक्क्यांच्या खाली माणसं वाढीला वाढ म्हणून प्रतिसाद देत नाहीत, असं त्यांना आढळलं. हा सात जसाच्या तसा उचलू नका. तिथे तेव्हा महागाई तीनेक टक्क्यांच्या आसपास होती, आणि वर सांगितलेलं सीटीसीचं गणित तिथे नव्हतं. पण त्यातला मुद्दा उपयोगी आहे. एका पातळीखाली दिलेले पैसे खर्च होतात आणि कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. तुमच्याकडे मोजकेच पैसे असतील तर साठ जणांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा ज्यांचं अंतर बिघडलं आहे त्यांचं आधी नीट करणं मी पसंत करीन.

आता ज्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त दुखावतात ते. वाढ होऊनही हातात कमी येणं.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कानमन, नेच आणि थेलर यांनी कॅनडात लोकांना दूरध्वनीवरून दोन प्रसंग विचारले होते. महागाई नाही, मंदी आहे, कंपनी पगार सात टक्क्यांनी कमी करते: ६२ टक्के लोकांनी याला अन्याय म्हटलं. महागाई बारा टक्के आहे, कंपनी फक्त पाच टक्के वाढवते: अन्याय म्हणणारे २२ टक्के. खरेदीच्या ताकदीचा तोटा दोन्हींत जवळपास सारखाच. पण खात्यावरचा आकडा खाली येणं माणूस सहन करत नाही. आता तुमच्याकडे बघा. नवी व्हीएमसी आली, ओव्हरटाइम कमी झाला. ज्या सेटरला दुप्पट दराच्या ओटीचे महिन्याला चार हजार मिळत होते त्याचे ते गेले आणि १,०५६ वाढले. बँकेचा मेसेज तीन हजारांनी खाली. कायद्याने बघितलं तर ओटी हा काही पगाराचा हक्क नाही आणि तुम्ही वाढ खरंच दिली आहे. घरी मात्र तो सांगतो की पगार कमी झाला. ओटी बंद होणार असेल तर ते वाढीच्या दोन-तीन महिने आधी, वेगळं सांगायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात आल्या की वाढ पुसली जाते.

दुसरी अशी जागा ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची. २०१७ पासून तिच्यासाठी महिन्याच्या पगाराची मर्यादा २१,००० आहे. ईएसआयसाठी धरला जाणारा पगार त्यावर गेला की चालू सहामाही संपल्यावर, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चनंतर, वर्गणी थांबते आणि पुढे घरच्यांचे उपचारही बंद होतात. चाकणला एका ऑपरेटरची अशीच वाढ आली होती, २०,६०० वरून २१,६०० च्या थोडी वर. आईचं डायलिसिस ईएसआयवर चालू होतं. तो केबिनमध्ये आला, पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘साहेब, माझी एवढ्यात थांबवता येईल का? आईचं कसं करू?’ त्याला हजार रुपये लहान वाटले नव्हते. ते त्याला महाग पडत होते. वर्गणीचे त्याचे पाऊण टक्का, म्हणजे दीडशे-एकशे साठ रुपये वाचणार होते आणि आठवड्यातून दोनदा होणारे उपचार अंगावर येणार होते. अशा माणसांची यादी पत्रं छापण्याआधी काढावी लागते. २१,००० च्या अलीकडे-पलीकडे कोण कोण येतं, त्यांच्या घरी कुणाचे उपचार चालू आहेत का, आणि रेषा ओलांडायचीच असेल तर आई-वडिलांना घेणारी मेडिक्लेम पॉलिसी कंपनी देणार का. कंपनीचा सव्वातीन टक्क्यांचा हिस्साही वाचतो, तो या पॉलिसीत घाला. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून त्यात धरले जातात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. तेवढं नसेल तर डायलिसिसवाल्या घराला त्या पॉलिसीचा काही उपयोग नाही.

तर, तुम्ही काय करावं? पुढच्या वर्षी पत्राबरोबर प्रत्येकाला आडव्या दोन ओळींचा कागद द्या: आत्ता खात्यावर येणारी रक्कम आणि वाढीनंतर खात्यावर येणारी रक्कम. सीटीसी त्याखाली लिहा. बजेट कमी असेल तर फेब्रुवारीतच सांगा, कारणासहित, म्हणजे मनातला आकडा मार्चमध्ये खाली येतो आणि एप्रिलचा धक्का टळतो. पत्र ऑफिसातून वाटू नका. सुपरवायझरने प्रत्येकाला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलून द्यावं, आणि ‘एवढंच का’ या प्रश्नाचं उत्तर त्याला आधी माहीत असावं. ‘वरून आलं’ हे उत्तर नाही. वाढ कशावरून ठरते हे वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेलं असेल तर कमी वाढही माणूस पचवतो, हे मी अनेक कारखान्यांत बघितलं आहे. आणि सरसकट टक्क्यांऐवजी खालच्या श्रेणींना ठरावीक रक्कम, वरच्यांना टक्के, असा मेळ घाला; साठ जणांत ते सहज जमतं.

या वर्षाचं मात्र पत्र वाटून झालं आहे. ते मागे घेऊन नवीन वाटण्याच्या फंदात पडू नका, त्याने बाकीचे अठ्ठावन्न जण आपापला हिशोब घेऊन येतील. त्या दोन सेटरना स्वतंत्र बोलवा. ‘किती अपेक्षित होतं?’ हे सरळ विचारा आणि ते बोलतील तेव्हा मध्ये सफाई देऊ नका. त्यांनी सांगितलेला आकडा, नव्या माणसाला दिलेला पगार आणि त्यांची सेवा हे तिन्ही एका कागदावर लिहा. अंतर खरंच बिघडलेलं दिसलं, तर त्याला वाढ म्हणू नका, दुरुस्ती म्हणा, आणि तीच कसोटी लावून त्यांच्या श्रेणीतल्या सगळ्या जुन्या माणसांची करा. नाहीतर जो नोकरी शोधतो त्यालाच मिळतं असा अर्थ निघेल. जुलैपासून करता येत असेल तर तारीख लिहून पत्र द्या. पैसे आत्ता नसतील तर निम्मं जुलैत, निम्मं जानेवारीत, पण दोन्ही तारखा त्याच पत्रात.